मण्याचे वेज आणि मण्याचा भाव

वाचकहो, हे पान वाचायला घेतलेत तसा घरातला दागिन्यांचा जुना डबाही जवळ घेतलात तर बरे होईल. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत त्या डब्याच्या तळाशी बाळाच्या मनगट्या हमखास सापडतात. काळ्या मण्यांची सर, मधूनमधून सोन्याचा मणी, आणि शेवटी पटवेकऱ्याने घातलेली रेशमाची गाठ. मनगट्या दिसायला सगळ्या सारख्याच. पण बारशाला आत्याने आणलेल्या वेगळ्या, शेजारणीने आणलेल्या वेगळ्या आणि मोलकरणीने कौतुकाने आणलेल्या वेगळ्या. एकीत सोन्याचे दहा मणी, दुसरीत सोन्याचा मुलामा दिलेले, तिसरीत नुसती काच. दृष्ट मात्र तिन्ही सारखीच टाळतात, असे आपण मानत आलो.

एकच वस्तू, एकच घाट, आणि भाव तीन. या साध्या गोष्टीला साडेचार हजार वर्षांचा इतिहास आहे. त्यातला मोठा भाग बडोद्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत घडला आहे. मी व्यवसायाने होमिओपॅथ, इतिहासकार नव्हे. मण्यांचा हा विषय माझ्याकडे माणसांच्या छातीतून आला. ते कसे, हे पुढे येईलच. आधी मण्यालाच हात घालू.

मणी म्हणजे काय, असे विचारले तर आपण रंग सांगतो, आकार सांगतो, दगडाचे नाव सांगतो. पण दगड मणी होतो तो भोकामुळे. भोक नसेल तर तो गोटा. आपल्या जुन्या मराठीत मोत्याच्या, मण्याच्या भोकाला 'वेज' असा सुंदर शब्द आहे आणि ते पाडण्याला 'विंधणे'. सराफाच्या दुकानात आता हे शब्द फारसे ऐकू येत नाहीत, पण मण्याच्या भावाचे निम्मे गणित या वेजात आहे. वेज सरळ आहे का, दोन्ही बाजूंनी पाडलेली भोके मधोमध नीट भेटली आहेत का, तोंडाशी टवका उडाला आहे का, हे जाणकार सर्वांत आधी पाहतो. वेज वाकडे असेल तर माळेत मणी तिरका बसतो. तोंडाशी धार राहिली असेल तर वर्षभरात दोरा कापला जातो. गिऱ्हाइकाला हे दुकानात दिसत नाही, घरी गेल्यावर कळते.

हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनी या वेजाचा जो पराक्रम केला, त्याला तोड नाही. सिंधमधल्या चन्हुदडो इथे अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये उत्खनन केले, तेव्हा तिथे मण्यांचा अख्खा कारखानाच सापडला. अर्धे घडलेले, विंधताना फुटलेले, टाकून दिलेले मणी आणि दगडी सामते. आपल्याकडे लोथल इथे एस. आर. राव यांनाही मण्यांचा कारखाना मिळाला. या लोकांना लाल अकीकाचे, म्हणजे कार्नेलियनचे, बोटभर लांब आणि सडपातळ मणी फार आवडत. अकीक पोलादापेक्षा कठीण. त्याला तांब्याच्या सामत्याने काही होत नाही. म्हणून त्यांनी एका खास कठीण दगडाचे सामते घडवले. त्या दगडाला पुढे संशोधकांनी मॅके यांच्या नावावरून 'अर्नेस्टाइट' म्हटले. मार्क केनॉयर आणि मास्सिमो विदाले यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिले, तेव्हा या सामत्याने तासाला सुमारे अडीच मिलिमीटर वेज पडते असे आढळले.

आता वहीच्या कडेला आकडेमोड करा. दहा सेंटिमीटर लांबीचा मणी म्हणजे शंभर मिलिमीटर. तासाला अडीच, म्हणजे चाळीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर एका मण्याच्या नुसत्या भोकाला पाच दिवस. कराचीजवळ अल्लाहदिनो इथे अशा ३६ लांब मण्यांचा कमरपट्टा सापडला आहे. मणी सरासरी दहा सेंटिमीटरचे धरले तर एका माणसाचे एकशे ऐंशी दिवस फक्त विंधण्यात गेले. दगड आणणे, भाजणे, घडवणे, घासणे, चकाकी देणे हे सगळे वेगळेच. आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी मणी मधोमध चिरला, तर ते पाच दिवस पाण्यात. असा पट्टा कोण घालत असेल याची कल्पना करायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्याच वस्त्यांमध्ये त्याच आकाराचे लांब मणी मातीचेही सापडतात. भाजलेल्या मातीचे, वरून लाल रंग दिलेले. ज्या बाईला अकीक परवडत नव्हता तिच्यासाठी कुणीतरी तसाच दिसणारा मणी मातीत केला होता. ओल्या मातीत काडी खुपसली की वेज तयार. म्हणजे भारी माल आणि हलका माल, एकाच घाटाचे दोन भाव, ही युक्ती आजच्या फॅन्सी स्टोअरवाल्याची नव्हे. शंखाच्या बांगड्यांचेही तसेच. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने सौराष्ट्र-कच्छच्या सीमेवर बगसरा इथे उत्खनन केले. तिथे शंखाच्या बांगड्यांचा कारखाना निघाला आणि शेजारीच जास्पर-अकीकासारख्या दगडांचा कच्चा माल वेगवेगळ्या कणग्यांत साठवलेला मिळाला. शंखाच्या बांगडीची नक्कल त्या काळी मातीत आणि फायन्समध्ये, म्हणजे चकाकी चढवलेल्या भाजक्या लगद्यात, होत असे. हे मणी दूरवर जात. लिओनार्ड वूली यांनी १९२० च्या दशकात इराकमधल्या ऊर इथली राजघराण्याची थडगी उकरली, तेव्हा राण्यांच्या अंगावर लाल अकीकाचे मणी होते. मेसोपोटेमियाच्या लेखांत लाल दगड ज्या मेलुहा देशातून येत असे, तो देश म्हणजे हाच सिंधू-गुजरातचा पट्टा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मधली दोन हजार वर्षे मी ओलांडतो. पण एका थांब्यावर उतरल्याशिवाय मराठी माणसाला पुढे जाता येणार नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची वही लिहून ठेवली. तिचे नाव 'पेरिप्लस'. भडोच बंदरात माल कुठून येतो हे सांगताना तो लिहितो की, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून अकीकासारखा दगड मोठ्या प्रमाणात येतो. तेरहून जाडेभरडे कापड येते. सातवाहनांचे पैठण आपण पैठणीमुळे ओळखतो. पण त्या गाड्यांच्या चाकोरीत पैठणीच्या आधी दगड होता. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत सिलिका साचून तयार झालेला दगड.

आता खंबायत. आजचे नाव खंभात, जैनांना ठाऊक असलेले जुने नाव स्तंभतीर्थ. महीच्या गाळाने बंदर बुजले आणि व्यापार सुरतेकडे गेला, तरी मण्यांनी हे गाव सोडले नाही. पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोसा याने १५१६ च्या सुमारास खंबायतच्या अकीकाच्या मण्यांचे वर्णन केले आहे आणि लिमोद्र्याचे नावही घेतले आहे. पोर्तुगीजांना आफ्रिकेच्या सोफाळा बंदरात सोने आणि हस्तिदंत हवा होता. तिथल्या लोकांना हवे होते खंबायतचे कापड आणि मणी. म्हणजे गोव्यातून चाललेल्या त्या बलाढ्य दर्यावर्दी सत्तेला गुजरातमधल्या एका गल्लीत बसलेल्या मणीवाल्याचे तोंड बघावे लागे. मराठ्यांचाही खंबायतच्या महसुलात वाटा होता. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांचा तो हक्क इंग्रजांकडे गेला. तो महसूल ज्या व्यापारावर उभा होता, त्यात हे मणीही होते.

दगड मात्र खंबायतचा नव्हे. तो नर्मदेपलीकडे झगडिया तालुक्यात, रतनपूरच्या टेकड्यांत मिळतो. हा मुलूख जुन्या राजपिपळा संस्थानात होता. भिल्ल मजूर दहाएक मीटर खोल विहिरीसारखे खड्डे खणून, आडवे सरकत जाऊन गारगोट्या काढत. टेकडीवर बाबा घोर या हबशी पिराचा दर्गा आहे आणि अकीकाचे काम करणारे त्याला आपल्या धंद्याचा मूळपुरुष मानतात. आफ्रिकेला मणी पाठवणाऱ्या धंद्याचा रक्षणकर्ता आफ्रिकेतूनच आला, ही गोष्ट मला फार समर्पक वाटते.

निघालेला दगड बहुधा पिवळट, राखाडी, मळकट असतो. त्याला आधी महिनोन्‌महिने उन्हात ठेवतात, मग मडक्यात घालून शेणाच्या मंद धगीत भाजतात. दगडातले लोह ओलावा सोडते, त्याचे हेमॅटाइट होते आणि पिवळ्याचा लाल होतो. एका भाजणीत रंग खुलला नाही तर दुसरी, तिसरी. घाई केली तर तडकतो. इथे पहिली निवड होते. पूर्ण लाल झालेले, पट्टे असलेले, डाग राहिलेले, भेगाळलेले असे ढीग पडतात. खंबायतच्या धंद्याचा सगळा जीव या ढिगांत आहे. गिऱ्हाईक श्रीमंत की गरीब हे ठरण्याआधीच मण्याची जात ठरते.

दुसरी पायरी घडाईची. कारागिरासमोर जमिनीत तिरकी लोखंडी पहार रोवलेली असते. तिच्या टोकावर दगडाची कड टेकवायची आणि मागून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकायचे. हातोडीचा दांडा वेताचा लवचिक. घाव मागून बसतो आणि टवका पुढून उडतो. चांगला हात असेल तर दगडातून मोठा मणी निघतो. हात कच्चा असेल तर त्याच दगडाचा लहान मणी होतो. म्हणून चांगला दगड उस्तादाकडे जातो आणि डागी दगड शिकाऊ पोराकडे. केनॉयर, विदाले आणि बडोद्याचे कुलदीप भान यांनी खंभातच्या कारखान्यांचा अभ्यास करून १९९१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. उकिरड्यावरच्या टवक्यांवरून आणि फुटक्या मण्यांवरून कोणत्या घरात भारी माल होत असे आणि कोणत्या घरात हलका, हे ओळखता येते का, हा त्यांचा प्रश्न होता. हडप्पाच्या उकिरड्याकडे पाहण्याचा चष्मा त्यांनी खंभातच्या उकिरड्यावर घासून घेतला.

मग घासाई, त्यानंतर विंधणे. वेज पाडायला धनुष्याने फिरवायचा सामता असतो आणि त्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवलेल्या असतात. वरून पाण्याचा थेंब थेंब पडत राहतो. हिऱ्याच्या कण्यांमुळे हडप्पाच्या कारागिराला जे काम दिवसांचे होते ते इथे मिनिटांवर आले. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग उलटे करून दुसऱ्या बाजूने. दोन्ही वेजे आत भेटली पाहिजेत. ती भेट डोळ्यांना दिसत नाही, बोटाला आणि आवाजाला कळते.

शेवटी चकाकी. मुंबई सरकारचे गॅझेटियर १८८० च्या खंडात ही रीत सविस्तर देते. कातड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि अकीकाचाच भुगा घालायचा, पाणी शिंपडायचे आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी एकमेकांकडे लोटत राहायची, दहा-पंधरा दिवस. साध्या मण्याला इतकीच चकाकी. भारी मणी मात्र एकेक हातात धरून फळीवर घासला जाई. आता पिशवीची जागा विजेवर फिरणाऱ्या पिंपाने घेतली आहे. पण जाणकाराला पिंपातला मणी आणि हातातला मणी आजही ओळखू येतो. पिंपातल्या मण्याच्या कडा बोथट होतात.

म्हणजे बघा, दगड एकाच खाणीतला, भट्टी एकच, गाव एकच. पण रंग, आकार, वेज, चकाकी या चार ठिकाणी चाळणी लागते आणि एका टोकाला अरबस्तानात जाणारी अंगठी, तर दुसऱ्या टोकाला जत्रेतली माळ निघते. मधल्या सगळ्या भावांना गिऱ्हाईक असते. व्यापाऱ्याचे कसब असे की, काहीही वाया जाऊ द्यायचे नाही. फुटका मणीही छोट्या ब्रेसलेटात बसवायचा. आज दुकानात स्थितिस्थापक दोऱ्यात ओवलेली ब्रेसलेटे मिळतात, ती या चाळणीच्या खालच्या जाळीतली. एका ताटात शंभर-सव्वाशेची, शेजारच्या ताटात चांदीची टोपणे लावलेली पाचशेची आणि काचेखाली कप्पीबंद हजाराच्या वरची. कुठल्याही राशीचे, ग्रहाचे नाव चिकटवले की प्रत्येक ताटाचा भाव आणखी एक पायरी चढतो. त्याबद्दल डॉक्टर म्हणून मी काही बोलत नाही. बोलण्यासारखे नाही असे नव्हे.

मोत्याच्या भावाची रीत याहून वेगळी आणि गणिती. मुंबईच्या मोतीबाजारात 'चव' नावाचे माप चाले. मोत्याच्या वजनाचा वर्ग करायचा, मोत्यांच्या संख्येने भागायचे आणि त्यावर भाव. म्हणजे मोती वजनाने दुप्पट झाला की किंमत चौपट. आपल्या शाळेत हे उदाहरण घातले असते तर वर्ग कुणी विसरले नसते. बडोद्याच्या वाचकांना खंडेराव गायकवाडांचा मोत्यांचा गालिचा आठवेल. १८६५ च्या सुमाराचा, पंधरा ते वीस लाख बारीक बसरा मोत्यांचा, मदिनेला अर्पण करण्यासाठी केला असे सांगितले जाते. तो १९०२-०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात मांडला होता आणि २००९ मध्ये दोहाच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना गेला. गायकवाडांच्या सातपदरी कंठ्यातले मोती ओवून केलेला दुपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरना गेला. लाखो मोत्यांच्या गालिच्यापेक्षा मोजक्या मोत्यांचा हार महाग. चवेचा वर्ग तो हाच. आमच्या घरी मोती कुणी घालत नसे. शिंपल्यातला जीव जातो, हे जैन घरात लहानपणीच सांगतात. अकीक, स्फटिक चाले. नवकारवाळीचे १०८ मणी आजीच्या बोटांतून सरकत, ते स्फटिकाचेच होते.

अकीकाला जगात वैरीही भेटले. व्हेनिस आणि बोहेमियाची काच आफ्रिकेच्या बाजारात स्वस्तात शिरली. पण खरी चढाओढ जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन या गावाने केली. तिथले अकीक संपत आले तेव्हा गावचे लोक ब्राझीलला जाऊन बसले आणि एकोणिसाव्या शतकात तिथून जहाजे भरून दगड गावी येऊ लागला. जर्मनांनी दगडाला रंग पाजण्याची विद्या साधली आणि खंबायतच्या घाटाचे मणी करून आफ्रिकेत विकले. त्यांचे घासणारे पाण्यावर फिरणाऱ्या मोठ्या वालुकाश्माच्या चाकासमोर पालथे पडून काम करत, छाती फळीवर टेकवून. त्या गावातही छातीच्या रोगाने माणसे लवकर जात.

इथून मी माझ्या दुकानात येतो. बडोद्यातल्या माझ्या दवाखान्यात अनेक वर्षांपूर्वी खंभातचा एक घासणारा आला. वय चाळिशीच्या आत. दोन जिने चढून आल्यावर पाच मिनिटे त्याला बोलता आले नाही. क्षयाचे औषध दोनदा पूर्ण झालेले, थुंकीत जंतू कधीच सापडलेले नाहीत. क्ष-किरणाच्या चित्रात दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात गाठी. कुणाही अनुभवी डॉक्टरला ते चित्र वाचता येते. त्याचे नाव सिलिकोसिस. त्याचा थोरला भाऊ आणि शेजारचे दोघे अशाच दम्याने गेले होते, असे त्याने सांगितले. 'दम्याने' हा शब्द त्याचा.

अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. पूर्वी घासाई हाताने, ओल्या दगडावर होत असे. धूळ होती, पण संथ आणि भिजलेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर विजेची मोटर आणि कुरुंदाचे चाक आले. चाकाने दिवसाचा माल कितीतरी पटीने वाढला आणि मणी स्वस्त झाला. ज्या खोलीत चाक, त्याच खोलीत चूल आणि त्याच खोलीत पाळणा. कोरड्या घासाईचा भुगा इतका बारीक असतो की तो नाकात अडकत नाही, खोल वायुकोशांपर्यंत जातो. तिथल्या रक्षक पेशी तो कण गिळतात आणि त्यातच मरतात. भोवती व्रण तयार होतो, व्रणाला व्रण जोडत गाठ होते. धूळ थांबली तरी रोग पुढे जात राहतो. शिवाय अशा फुप्फुसात खरा क्षयही सहज घुसतो, म्हणून निदान अधिकच गुंतते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकापासून खंभातच्या घासणाऱ्यांच्या तपासण्या केल्या आहेत. स्वतः कधी चाकाला हात न लावलेल्या शेजाऱ्यांच्या फुप्फुसातही हा रोग आढळलेला आहे.

माझ्या शास्त्राबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तो माणूस त्यासाठीच आला होता. हानेमानने सिलिशिया हे औषध आपल्या जुनाट रोगांवरच्या ग्रंथात, १८२८ मध्ये घातले. ती हीच वाळू, हाच अकीक. आमच्या औषधकोशांत दगड फोडणाऱ्यांच्या छातीच्या तक्रारींपुढे सिलिशियाचे नाव आढळते, आणि 'समानाने समानाचा उपचार' हे सूत्र इथे किती चपखल बसते म्हणून विद्यार्थी खूश होतात. मीही झालो होतो. पण ज्या फुप्फुसाचा व्रण झाला ते फुप्फुस परत आणणारे औषध कोणत्याच पॅथीत नाही. खोकला हलका करता येतो, झोप मिळवून देता येते, क्षयावर लक्ष ठेवता येते, आणि चाकापासून उठा असे सांगता येते. मी त्याला तेच सांगितले. उठून करू काय, असे त्याने विचारले. त्याच्या पत्नीने मात्र दुसरा प्रश्न विचारला, मुलगा नववीत आहे, त्याला बसवू का? तिला मी नाही म्हटले, आणि त्या एका 'नाही'साठी मला या गावात डॉक्टर झाल्याचे समाधान आहे. मुलगा आता रिक्षा चालवतो. वडील त्यानंतर तीन वर्षे जगले.

हानेमानच्या आधी शंभरएक वर्षे, १७०० मध्ये, इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने निरनिराळ्या धंद्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. त्यात दगड घडवणाऱ्यांच्या छातीत जाणाऱ्या चुऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे कारण माहीत नव्हते, असे तीन शतके कुणाला म्हणता येत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस हा कळवण्याजोगा रोग होता. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू होत असे. खंभातच्या खोलीत चाके दोन आणि बसणारे तीन, तेही बहुधा घरचेच. व्यापारी दगड देतो आणि घासलेला माल वजनावर किंवा नगावर परत घेतो. कागदावर तो त्यांचा मालक नाही. जैन म्हणून मला दगडातही पृथ्वीकाय जीव आहे असे शिकवले गेले आहे आणि तो खाणीतून निघाल्यावर कधी अचित्त होतो यावर आमच्या पंडितांत सूक्ष्म चर्चा चालतात. घासणाऱ्याच्या बाबतीत अशी चर्चा लागू नये.

उपाय अवघड नाहीत. चाकावर पाण्याची धार सोडली की धूळ जागीच बसते. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नळीची जोडणीही याच कामासाठी तयार झाली आहे. पण पाण्याने काम मंदावते, थंडीत हात बधिर होतात, आणि पंख्याला वीज लागते. ती वीज घासणाऱ्याच्या घरच्या मीटरवर चढते. नगाचा दर ठरवताना व्यापारी रंग, आकार, वेज आणि चकाकी या चार गोष्टी बघतो. पंख्याच्या विजेसाठी त्या दरात पाचवा रकाना नाही. मी एका ओळखीच्या व्यापाऱ्याला मुद्दाम विचारले की, पाण्यावर घासलेल्या मालाचा वेगळा ढीग करून दोन रुपये जास्त दराने का विकत नाही? तो म्हणाला, डॉक्टरसाहेब, गिऱ्हाईक कोणता मणी ओला घासला हे ओळखणार कसे? पुढे माझ्यासमोर त्याने दोन मणी ठेवले, एक ओला घासलेला, एक कोरडा. मी भिंग लावून बराच वेळ पाहिले. दोन्ही सारखेच लाल होते, दोघांचेही वेज सरळ होते.